जहाज कुणाच्या हाती

बेचाळिसाव्या वर्षी सब-लेफ्टनंट झालेल्या माणसाचं लोक तोंडावर अभिनंदन करतात आणि पाठ वळली की हसतात. नौदलात बाहीवरची एकच सोनेरी पट्टी ही बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींची जागा. अकादमीतून नुकतीच बाहेर पडलेली, बुटांची करकर अजून न गेलेली ही मंडळी. त्यांच्यात आपले काका म्हणजे वर्गात एखाद्या मुलाचा बाप येऊन बाकावर बसावा तसे. काका तळातून वर आले होते. सतराव्या वर्षी खलाशी म्हणून भरती झाले, अकरा वर्षं सुकाणू धरलं, मग पेटी ऑफिसर झाले, मग मास्टर चीफ. मास्टर चीफ हा खलाशांमधला सगळ्यात वरचा माणूस. त्याला कॅप्टनसुद्धा दोन शब्द विचारून पुढे जातो. तिथे सुखाने बसून निवृत्तीची वाट बघायची, तर यांना अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची अवदसा आठवली. पास झाले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवरून सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

'काका' हे नाव जहाजावरच्या दोन तरुण सब-लेफ्टनंटांनी पाडलं. दोघंही वयाने काकांच्या जेमतेम निम्मे, आणि नोकरीत मात्र वरचे, कारण त्यांची पट्टी चार महिने आधीची. नाव प्रेमाने पाडलं की चेष्टेने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांनी ते मुकाट्याने घेतलं. मुकाट्याने घेणं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

त्यात काकांची लेक त्याच अकादमीत शेवटच्या सत्राला होती. पुढच्या महिन्यात तिला पट्टी मिळणार, म्हणजे बाप आणि लेक एकाच हुद्द्याचे. "बाबा, दोन वर्षांनी मी लेफ्टनंट," ती फोनवर म्हणायची. "तुम्ही तेव्हा एकाच पट्टीवर असलात तर तुम्हालाच मला सॅल्यूट ठोकावा लागेल हं."

"आधी स्वतःचं कपाट आवर," काका म्हणायचे. हसायचे, पण फोन ठेवल्यावर त्यांना ते थोडं लागायचंही.

कारण घोडं एका कागदावर अडलं होतं. समुद्रात जहाज चाललेलं असताना ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या काचांच्या खोलीत, चार-चार तासांची पाळी एकेक अधिकारी सांभाळतो. हा माणूस एकट्याने पाळी सांभाळायला लायक आहे, असं कॅप्टनने लिहून द्यावं लागतं. तो कागद नसेल तर अधिकारी नावापुरता. खालून वर आलेल्यांना तो दीड वर्षाच्या आत मिळवावा लागायचा, नाहीतर उरलेली नोकरी किनाऱ्यावरच्या गोदामात दोर आणि रंगाचे डबे मोजत काढायची. काकांचं दीड वर्ष या महिन्याच्या तीस तारखेला संपत होतं. आज सव्वीस. साठ पाळ्या झाल्या होत्या, तोंडी परीक्षा झाली होती, आणि कॅप्टन नुसते "बघू" म्हणत होते. कॅप्टन होते छत्तीस वर्षांचे, हुशार, तुटक, आणि कुणी टोकलेलं अजिबात न खपणारे. आज बंदराला लागल्यावर सरळ जाऊन सही मागायची, असं काकांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं.

एकोणीस दिवसांची गस्त संपवून जहाज परत येत होतं. गस्तीचं लहान जहाज, अडतीस माणसं. सकाळचे साडेदहा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. बंदरात शिरायचा पाण्याचा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना बोयांची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपांची रांग, आणि उजव्या हाताच्या बोयांपलीकडे वाळू आणि गाळाचा उंचवटा. ओहोटीला तिथे माणूस कंबरभर पाण्यात उभा राहील. जहाजाला मात्र निदान साडेतीन मीटर पाणी हवं. एरवी अशा जागी नकाशावर नजर ठेवायला नेव्हिगेटरबाई असायच्या, पण त्यांचं अपेंडिक्स ऐन गस्तीत दगा देऊन गेलं आणि त्यांना एका मालवाहू बोटीवरून किनाऱ्यावर धाडावं लागलं. त्यांचं काम कॅप्टन आणि काका वाटून करत होते.

ब्रिजवर काकांशिवाय तिघंजण होते. सुकाणूवर दाढीवाला, ज्याला सुकाणू धरायला काकांनीच शिकवलं होतं. खोली मोजायच्या यंत्रापाशी एक खलाशी, दर थोड्या वेळाने पाण्याची खोली मोठ्याने सांगणारा. आणि कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी लॉगवाली. ब्रिजवर जे जे होईल ते ती मिनिटामिनिटाने लॉगबुकात उतरवायची.

आता इथला एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. जहाज एका वेळी एकाच माणसाच्या हाती असतं, आणि सुकाणूवाला फक्त त्याचंच ऐकतो. कॅप्टन ब्रिजवर नुसते उभे असले तर जहाज पाळीवाल्याचंच. पण कॅप्टनने सुकाणूवाल्याला थेट एक जरी हुकूम दिला, की त्या क्षणी जहाज कॅप्टनचं झालं. आणि ते झालं हे पाळीवाल्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं असतं: "जहाज कॅप्टनच्या हाती." सगळ्यांनी ते ऐकल्याची हाळी द्यायची, लॉगमध्ये ओळ पडायची. कॅप्टनला आवडो की न आवडो. हे न सांगितलं तर कॅप्टनला वाटत राहतं की आपण नुसती मदत केली, आणि पाळीवाल्याला वाटतं की आपण सुटलो. मग जहाज कुणाचंच नसतं.

दहा एक्केचाळीसला कॅप्टन वर आले. त्यांच्या हातात एक खाकी पाकीट होतं, ते त्यांनी आपल्या खुर्चीवर ठेवलं. काकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "जहाज माझ्या हाती, सर. वेग सहा, खोली अकरा." कॅप्टनने मान हलवली.

एवढ्यात धुक्यातून डाव्या अंगाला एक बार्ज निघाली. गाळ वाहणारी, चपटी, भोंगा न वाजवता आलेली. काकांनी तोंड उघडलं होतं, पण कॅप्टन जवळ होते आणि चपळ होते.

"सुकाणू उजवीकडे दहा," कॅप्टन थेट दाढीवाल्याला म्हणाले.

"सुकाणू उजवीकडे दहा, सर," दाढीवाला म्हणाला आणि चाक फिरवलं.

जहाजाचं नाक उजवीकडे वळलं. बार्ज डावीकडून घसटून जावी इतक्या जवळून गेली. तिच्यावर टोपी घातलेला एक माणूस काहीतरी खात उभा होता, त्याने हातसुद्धा थांबवला नाही. कॅप्टनचं डोकं भडकलं. त्यांनी बंदराच्या कंट्रोलचा फोन उचलला, लांब वायरीसकट बाजूच्या उघड्या गॅलरीत गेले, आणि मागे पडणाऱ्या बार्जकडे बघत कंट्रोलवाल्याची हजेरी घ्यायला लागले.

सांगायचं ते याच वेळी सांगायचं होतं. जहाज कॅप्टनच्या हाती. चार शब्दसुद्धा नाहीत. काकांनी ते शब्द जिभेवर आणले आणि गिळले. म्हणजे काय झालं असतं? कॅप्टन वळून म्हणाले असते, मला शिकवता का? आणि आज तर सही मागायची होती. इतक्या चिडलेल्या माणसाला, सगळ्यांसमोर नियम दाखवायचा? काका गप्प बसले. कॅप्टनने जहाज घेतलंय तर तेच पुढचा हुकूम देतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"खोली दहा," यंत्रापाशी बसलेला खलाशी म्हणाला.

बार्ज केव्हाच मागे पडली होती. सुकाणू तसंच उजवीकडे दहा अंशांवर. जहाज वळतच होतं. काचेपलीकडे पुढचा बोया असायला हवा तिथे नुसतं पांढरं धुकं होतं. होकायंत्राचा आकडा एकेक अंश सरकत होता आणि त्याची टिकटिक काकांना पहिल्यांदाच ऐकू आली.

"खोली नऊ."

लॉगवालीने पेन्सिल वर धरली होती. ती काकांकडे बघत होती, मग गॅलरीच्या दाराकडे, मग परत काकांकडे. काय लिहायचं तेच तिला कळेना.

"सुकाणू उजवीकडे दहावरच आहे, सर," दाढीवाला म्हणाला.

काकांनी चटकन त्याच्याकडे बघितलं. सुकाणूवाल्याला प्रश्न विचारायचा अधिकार नाही. त्याला काही खटकलं तर तो एवढंच करू शकतो, की मिळालेला हुकूम पुन्हा एकदा मोठ्याने सांगायचा, कुणाचंही नाव न घेता, समोर बघत. अकरा वर्षांत काकांनी स्वतः हे तीनदा केलं होतं. त्याचा अर्थ असा, की कुणीतरी काहीतरी बोला, मी जहाज कुठेतरी घालतोय.

गॅलरीत कॅप्टन अजून फोनवर होते. "तुमच्या त्या बार्जवाल्याचा नंबर मला लेखी हवाय," त्यांचा आवाज आत येत होता. पाठ इकडे होती. त्यांच्या दृष्टीने ब्रिजवर पाळीचा अधिकारी होता, साठ पाळ्या केलेला, बेचाळीस वर्षांचा. त्यांना काळजी करायचं कारणच काय?

"खोली सात."

आता बोलायला हवं होतं. पण आता बोलायचं म्हणजे नुसतं सांगायचं नव्हतं, कॅप्टनच्या हातातून जहाज काढून घ्यायचं होतं. तेही कॅप्टन पाच पावलांवर उभे असताना. काकांनी दोन पावलं दाराकडे टाकली. "सर," ते म्हणाले. आवाज खलाशाचा निघाला, परवानगी मागणारा. कॅप्टनने न वळता हाताचा पंजा दाखवला, थांबा म्हणून. आणि काका थांबले. हा शहाणा माणूस खरोखरच थांबला.

"खोली साडेपाच. सर, साडेपाच." खलाशाचा आवाज चिरकला होता. खोली सांगताना आकडा दोनदा म्हणायची पद्धत नाही.

समोरच्या धुक्यात पाण्याचा रंग बदलला. हिरवटाचा मातकट झाला. सही, गोदाम, रंगाचे डबे, सगळं डोक्यातून एकदम गेलं. उरला तो फक्त तो मातकट पट्टा.

"जहाज माझ्या हाती," काका ओरडले. "सुकाणू मध्यावर. दोन्ही यंत्रं पूर्ण उलटी."

"जहाज काकांच्या हाती," दाढीवाला त्याच दमात ओरडला, आणि हुद्द्याऐवजी काका म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. खाली इंजिनं एकदम गुरगुरली, सगळं जहाज हादरलं, टेबलावरचा पेला खाली पडून फुटला. कॅप्टन फोन टाकून दारात आले. त्यांनी पाणी बघितलं, होकायंत्र बघितलं, काकांकडे बघितलं, आणि दाराची चौकट घट्ट धरून उभे राहिले.

मग तळाखालून ती थरथर आली. फार नाही. सायकल पक्क्या रस्त्यावरून वाळूत शिरली की पायांना लागते तेवढी. जहाज थांबलं. अडतीस माणसांचं जहाज चिखलात नाक खुपसून उभं होतं, आणि इंजिनं मागे ओढत होती. काकांनी मनात आकडे मोजले. नऊपर्यंत पोचले तेव्हा होकायंत्र हललं, बाजूचं पाणी गढूळ होऊन पुढे धावायला लागलं, आणि जहाज मागे सरकलं.

"खोली साडेचार," खलाशी म्हणाला. मग "सहा". मग "नऊ". नऊ म्हणताना त्याचा श्वास सुटला.

कॅप्टनने जहाज मागितलं नाही. हात मागे बांधून ते खुर्चीशेजारी उभे राहिले आणि काकांनी ते पुढच्या पाऊण तासात धुक्यातून धक्क्याला आणून लावलं. दोर फेकले गेले, इंजिनं थांबली. इतकं नीट जहाज काकांनी आजवर कधी लावलं नव्हतं. याचा त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

खाली उतरताना कॅप्टनने लॉगबुक उघडलं. लॉगवाली बाजूला ताठ उभी राहिली. दहा एक्केचाळीसच्या ओळीनंतर तीन ओळी कोऱ्या होत्या. पुन्हा अक्षर सुरू झालं होतं ते "सब-लेफ्टनंट यांनी जहाज घेतलं" इथून.

"हे काय?" कॅप्टन म्हणाले.

"त्या वेळी जहाज कुणाकडे होतं ते मला कळलं नाही, सर," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही."

कॅप्टनने पुस्तक काकांच्या हातात दिलं. "पाळी तुमची होती. भरा. भरून केबिनमध्ये आणा." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "काय लिहायचं ते मी सांगणार नाही. गुरुवारी आपण पुन्हा निघतोय, एवढं फक्त लक्षात घ्या." खुर्चीवरचं खाकी पाकीट त्यांनी बगलेत मारलं आणि गेले.

काका पुस्तक घेऊन आपल्या खोपट्यात बसले. खोपटंच ते. दोन बिछाने एकावर एक, एक घडीचं टेबल, आणि वरच्या बिछान्यावरच्या तरुण सब-लेफ्टनंटाचे मोजे कायम नाकासमोर. दाढीवाला दारात येऊन उभा राहिला.

"काका, तुम्ही लिहाल ते," तो म्हणाला. "मला विचारलं तर मी तेच सांगणार. गाळ तर होता. लागलं काय, न लागलं काय."

"तू दोनदा सांगितलंस," काका म्हणाले.

"एकदाच."

"एकदा तोंडाने. एकदा चाक घट्ट धरलंस, ते मी पाहिलं."

दाढीवाल्याने खाली बघितलं. "मग बोलला का नाहीत?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं असावं, कारण उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

काकांनी एका चिठोऱ्यावर आधी पेन्सिलीने लिहून बघितलं. "बार्ज टाळण्यासाठी उजवीकडे वळण. खोली कमी झाल्याने यंत्रं उलटी. मार्गावर परत." किती गोंडस. एक शब्द खोटा नाही, आणि एक गोष्ट सांगितलेली नाही. हे लिहिलं की कॅप्टन वाचले, काका वाचले, सही झाली, लेकीच्या समारंभाला ताठ मानेने जायचं. तळ लागला असं लिहिलं, की पाणबुडे उतरवल्याशिवाय जहाजाला बंदर सोडता येत नाही, वरती कळवावं लागतं, चौकशी बसते. चौकशीत कॅप्टन जातात. आणि ज्या कॅप्टनला आपण घालवलं तो आपल्याला सही कशाला देईल?

त्यांनी चिठोऱ्यावरचं पुन्हा वाचलं. खाली, पाण्याच्या पातळीखाली, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथे जहाजाच्या पोटातून बाहेर जातो, तिथे सहाजण काम करायचे. तिथला जोड जरा जरी सैल झाला असेल तर गुरुवारी, भर समुद्रात, पहिलं पाणी त्यांच्या पायाशी येणार होतं. काकांना भीती वाटली. चौकशीची नाही. ते चिठोरं इतकं सहज लिहून झालं याची.

त्यांनी ते फाडलं आणि शाईने, सावकाश, त्या तीन ओळींत बारीक अक्षर बसवून लिहिलं. कॅप्टनने सुकाणूवाल्याला थेट हुकूम दिला. जहाज कॅप्टनच्या हाती गेलं. पाळीचा अधिकारी या नात्याने मी ते जाहीर केलं नाही. त्यानंतर सुमारे नव्वद सेकंद सुकाणूवर कुणाचाही हुकूम नव्हता. जहाजाचा तळ गाळाला लागला. पाणबुड्यांकडून तपासणी हवी. खाली सही केली.

कॅप्टनची केबिन म्हणजे टेबल, पलंग आणि भिंतीला स्क्रूने आवळलेलं छोटं कपाट. कॅप्टनने उभ्यानेच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुम्हाला माहीत आहे याचं काय होणार," ते म्हणाले.

"होय, सर."

"माझं काय होणार तेही."

"होय, सर."

कॅप्टनने धक्क्यावरच्या क्रेनकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लॉगच्या पानाखाली सही केली. पहिल्यांदा शाई उठली नाही, म्हणून कोपऱ्यात रेघ ओढून पुन्हा केली. "खरं आहे," ते म्हणाले. "मी हुकूम दिला आणि निघून गेलो. मला वाटलं तुम्ही आहात. मी जे केलं त्याचं उत्तर मी देईन. आता तुमचं सांगा. का बोलला नाहीत?"

काकांनी टेबलावरच्या लॉगबुकाकडे बघितलं.

"मी सांगतो," कॅप्टन म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "तेवीस वर्षं खलाशांत काढलीत. कॅप्टनचा मान राखायची सवय. अंगवळणी पडलेलं असतं ते, सहजी सुटत नाही. बरोबर ना?"

सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं "होय, सर" म्हणायचं होतं. दिवसभरात दहा वेळा ते म्हणत होतेच.

"नाही, सर," काका म्हणाले. "मान नव्हता तो. तुमची सही हवी होती मला. तुम्हाला टोकलं तर मिळणार नाही असं वाटलं. म्हणून बोललो नाही."

कॅप्टनने टेबलावरचं खाकी पाकीट पुढे ओढलं, आतून एक जाड कागद काढला आणि काकांसमोर ठेवला. छापील मजकूर, काकांचं नाव, हुद्दा, साठ पाळ्या, आणि खाली कॅप्टनची सही. तारीख आजचीच. शिक्काही मारलेला.

"सकाळी सात वाजता केली," कॅप्टन म्हणाले. "सगळ्यांसमोर हातात द्यायची म्हणून वर आलो होतो."

काकांनी टेबलाची कड धरली.

"हा कागद कशाचा आहे ते ठाऊक आहे?" कॅप्टन म्हणाले. "जहाज चालवता येतं याचा नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. कॅप्टन चुकत असेल तर हा माणूस तोंड उघडेल, याचा आहे. त्या भरवशावर मी खाली जाऊन झोपतो." त्यांनी पेन उचललं. काही क्षण ते तसंच धरून ठेवलं. कदाचित काका काही म्हणतील म्हणून असेल. मग कॅप्टनने स्वतःच्या सहीवरून एक आडवी रेघ ओढली, शेवटपर्यंत, आणि तारीख घातली.

"नव्वद सेकंदांनी उघडलंत," ते म्हणाले. "उघडलंत हेही मी चौकशीत सांगेन. दुसऱ्या कुणी उघडलंच नसतं. पण यावर मी सही ठेवू शकत नाही."

"मीही ठेवली नसती, सर," काका म्हणाले. ते बोलून गेल्यावर त्यांना कळलं की ते खरं आहे.

दुपारी पाणबुडे उतरले. दोन तास जहाजाखाली फिरून वर आले. गाळ होता, म्हणाले, दुसरं काही नाही. पंखा ठीक, जोड ठीक, तळाला साधा ओरखडासुद्धा नाही. पण तोवर वरती तार गेली होती. संध्याकाळच्या आत कॅप्टनला बोलावणं आलं आणि ते एक लहान बॅग घेऊन जेटीवरून चालत गेले. काका दोर बांधायच्या खांबाशी उभे होते. दोघांनी एकमेकांना सॅल्यूट केला. कोण कुणाच्या वरचा, याचा त्या वेळी दोघांनाही पत्ता नव्हता.

मग काकांनी बायकोला फोन लावला. ती दवाखान्यात नर्स होती, आणि त्या वेळी पट्ट्या बांधायच्या खोलीत असायची.

"बोला," ती म्हणाली. "लागली का बोट? झाली का सही?"

"झाली होती," काका म्हणाले.

"होती म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, बार्ज, खोलीचे आकडे, कॅप्टनने दाखवलेला पंजा, आपण थांबलो ते. सारवासारव कुठेच केली नाही. मधे कुणीतरी तिला हाक मारली तर ती "आले" म्हणाली, पण गेली नाही.

"कुणाला लागलं नाही ना?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"मग आता किनाऱ्यावर."

"एक तारखेपासून. गोदामात."

"रोज घरी येणार."

"हो. सहाच्या सुमारास."

"वीस वर्षं मी हेच मागितलं," ती म्हणाली. "तुम्ही समुद्रावर असताना दर संध्याकाळी. हा माणूस किनाऱ्यावर येऊ दे, रोज घरी जेवू दे. आणि आता खरंच येताय तर मला रडू येतंय बघा."

काकाही रडत होते. जेटीवर माणसं ये-जा करत होती, म्हणून त्यांनी टोपी कपाळावर ओढून घेतली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.